कूलर ‘स्मार्ट’ करण्याआधी आरसीसीबी बसवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, ताट्या (पाण्याने भिजणाऱ्या वुडवूलच्या, म्हणजे लाकडी तंतूंच्या, चौकटी) बदलल्या जातात, खिडकीचे स्टँड ठोकले जाते. त्याच सुमारास ‘पाचशे रुपयांत स्मार्ट कूलर’ या धाटणीचे व्हिडिओ आणि लेखही सुरू होतात. आपल्या पुरवणीत आलेली कृती त्याच जातीची होती. एक नोडएमसीयू (वाय-फाय असलेला छोटा बोर्ड), एक रिले (संकेतावर चालणारा स्विच), पंपाची फेज कापून ती रिलेमधून फिरवायची, बोर्डात टास्मोटा हे मुक्त सॉफ्टवेअर टाकायचे, की पंप मोबाइलवरून चालू-बंद. कृती चुकीची नाही. सांगितल्याप्रमाणे जोडली तर पंप खरेच मोबाइलवर चालतो. आक्षेप आहे तो तिच्यात जे नाही त्यावर. आकृतीत कूलरकडे दोनच तारा जातात, अर्थची तिसरी नाही, आणि आरसीसीबीचा (प्रवाह गळू लागला की वीज तोडणाऱ्या स्विचचा) उल्लेख साहित्याच्या यादीतही नाही.

साध्या कूलरचे एक बरे असते. बटण माणूस दाबतो, त्यामुळे कूलर चालू आहे की बंद हे घरात निदान कोणाला तरी ठाऊक असते. टायमर किंवा सेन्सर लावला की बंद ही अवस्था तात्पुरती होते. टाकीत पाइप सोडायला, तळाचा गाळ काढायला किंवा पंपात अडकलेली वुडवूलची काडी ओढायला कोणी हात घालतो, आणि दुसऱ्या खोलीतल्या कोणी मोबाइलवर बोट ठेवलेले असते, किंवा कोणीच ठेवलेले नसते, फक्त पाच वाजलेले असतात. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि पाण्यात बुडवलेला २३० व्होल्टचा पंप या तीन गोष्टी एकत्र असताना त्यात स्वतःहून सुरू होण्याची सोय घालायची, तर आधीची तयारी दुप्पट हवी. त्यातही जुन्या घरांत भिंतीवरच्या बोर्डाचे बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले सापडते. रिलेही चुकून न्यूट्रलवर जोडला तर पंप थांबतो, पण फेज पाण्यात तशीच असते. म्हणून कूलरला हात लावण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन भिंतीवरच्या बोर्डातून उपटून बाहेर काढायची. कूलर स्मार्ट असो वा अडाणी, हा नियम दोघांनाही लागू.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असे उत्तर हमखास मिळते. एमसीबी माणसासाठी नसतेच, ती तारा जळू नयेत म्हणून असते. दहा-वीस मिलिअँपिअर हातातून गेले की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर प्रवाह टिकला तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. सहा अँपिअरची एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. तिच्या दृष्टीने माणसाला बसलेला शॉक ही दखल घेण्याजोगी घटनाच नाही.

अर्थिंगचे गणित आणखी विचित्र आहे, आणि ते नागपूरला विशेष लागू पडते. घरगुती वापराची सी प्रकारातली सहा अँपिअरची एमसीबी तत्काळ पडायला किमान तीस अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे फेज बॉडीला लागल्यावर प्रवाहाच्या पूर्ण वाटेचा रोध साडेसात ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटली, खड्ड्यातले मीठ-कोळसा कोरडे झाले की रोध चढतो. ज्या महिन्यांत कूलर चालतो नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमजोर असते. समजा खड्ड्याचा रोध ५० ओहम झाला. फेज बॉडीला लागली तर जमिनीकडे साडेचार अँपिअर जातील, एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि कूलरचे पत्रे जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तापत्या दुपारभर उभे राहतील. अर्थिंग असूनही.

त्याच ५० ओहमच्या खड्ड्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर ती क्षणात पडते, कारण तिला फक्त फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक दिसतो. खड्डा शंभर ओहमचा असला तरी तिला पुरतो. तरीही अर्थिंग हवेच. ते नसेल तर आरसीसीबी पडेल, पण माणूस हात लावेल तेव्हा, म्हणजे फरकाचा प्रवाह त्याच्या अंगातून गेल्यावर. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी, कोणी हात लावण्याआधी. दोन्ही एकत्र असण्याचा अर्थ हा आहे. एप्रिल-मे मध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतायची जुनी पद्धत अपार्टमेंटमध्ये मोडली, ती परत सुरू करायला काहीच खर्च नाही.

खरेदी करताना दोन पोलची, २५ किंवा ४० अँपिअरची, ३० मिलिअँपिअर लिहिलेली घ्यावी. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचीही मिळते, ती आगीपासून बचावासाठी असते, माणसासाठी नव्हे. दुकानात ‘ईएलसीबी’ म्हणून मागितली तरी हल्ली आरसीसीबीच हातात येते. तिचे ‘एसी’ आणि ‘ए’ असे दोन प्रकार सर्रास मिळतात. घरात अडॅप्टर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन अशी उपकरणे असतील तर ए प्रकार घ्यावा. किंमत साधारण दीड ते अडीच हजार. आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी काढायची नाही, दोन्ही ठेवायच्या. भाड्याच्या घरात मुख्य बोर्डाला हात लावता येत नसेल तर कूलरच्या बोर्डाशेजारी छोट्या डब्यात ती बसवता येते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यातूनच गेल्या पाहिजेत. फक्त फेज नेली तर उपकरण लावताक्षणी ती पडते आणि ‘माल खराब’ म्हणून परत जाते. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

बसवल्यावर ती वारंवार पडू लागली की बहुतेक घरांत तिची तार सरळ जोडून टाकतात. पडण्याची कारणे मोजकीच असतात. सर्वांत मोठे कारण घरचा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल आणि साध्या लाइनची न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी एकत्र बांधलेली असते, प्रवाह एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने येतो, फरक दिसतो, आरसीसीबी पडते. उपाय दोन्ही न्यूट्रल वेगळ्या करणे हाच. दुसरे कारण, एखाद्या बोर्डाच्या डब्यात न्यूट्रल आणि अर्थची तार एकमेकींना टेकलेली असणे. ओळखायचे असे: घरातल्या सगळ्या पिना काढा, आरसीसीबी वर करा. तरी पडली तर दोष वायरिंगमध्ये. राहिली तर एकेक पिन लावत जा. कूलर लावल्यावर लगेच पडली तर पंप नाहीतर मोटरच्या जोडाजवळचा ओलावा. दहा मिनिटांनी, गरम झाल्यावर पडली तर बहुधा पंपाची वाइंडिंग. असा पंप वाळवून पुन्हा लावू नये. वायरमनकडे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) असेल तर ५०० व्होल्टवर पंपाच्या दोन्ही तारा एकत्र धरून बादलीतल्या पाण्याशी मोजायला सांगावे, १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर पंप फेकून द्यावा. साध्या मल्टिमीटरने ही तपासणी होत नाही. आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. ते दाबून ती पडली याचा अर्थ आतली यंत्रणा ठीक आहे एवढाच. अर्थिंगबद्दल ते बटण काहीच सांगत नाही.

दोन जुगाड मात्र कोणीही करू नयेत. पहिला, थ्री-पिनच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा तार जोडणे. मागे कुठेही न्यूट्रल तुटली की कूलरची पूर्ण बॉडी फेजवर येते. दुसरा, अर्थची तार नळाला बांधणे. आता नळाच्या मागे प्लास्टिकचा पाइप असतो, त्यामुळे अर्थिंग तर मिळत नाहीच, उलट नळच जिवंत होतो.

हे झाल्यावर कूलर हुशार करायला काही हरकत नाही. पण तिथेही आपल्या पुरवणीतल्या कृतीपेक्षा बरी वाट आहे: पाण्यात २३० व्होल्ट जाऊच द्यायचे नाहीत. १२ व्होल्टचे ब्रशलेस बुडते पंप आता सर्रास मिळतात. १९ वॉटच्या आसपासचा, तासाला ८०० लिटर आणि किमान ३ मीटर हेड (पाणी चढवण्याची उंची) लिहिलेला पंप मध्यम आकाराच्या कूलरच्या तीन ताट्यांना पुरतो. डब्यावर लिहिलेले लिटर शून्य उंचीवरचे असतात आणि वरच्या नळीपर्यंत मीटरभर चढताना ते कमी होतात, म्हणून हेडचा आकडा बघूनच घ्यायचा. त्याला १२ व्होल्ट ३ अँपिअरचा तयार अडॅप्टर लागेल. त्यावर बीआयएसची खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. सुट्ट्या मिळणाऱ्या बिनाखुणेच्या अडॅप्टरमध्ये २३० आणि १२ व्होल्ट यांच्यातले अंतर किती राखले आहे ते बाहेरून कळत नाही, आणि इथे सगळा भरवसा त्याच अंतरावर आहे. अडॅप्टर खोलीत, भिंतीवर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर. तिथून पंपापर्यंत ०.७५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी तार. टेलिफोनची बारीक तार वापरली तर वाटेतच व्होल्टेज पडते आणि पंप मरगळतो. पाण्याखाली जोड नको. काळी टेप पाण्याखाली टिकत नाही, १२ व्होल्टवरसुद्धा जोड हिरवा पडून कुजतो.

बाकी साहित्य बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते: नोडएमसीयू, ५ व्होल्टचा एक रिले मॉड्यूल, १२ चे ५ व्होल्ट करणारा एलएम-२५९६ बक मॉड्यूल, तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२ सेन्सर, पाण्याची पातळी ओळखणारा आडवा फ्लोट स्विच आणि झाकणाचा एबीएस प्लास्टिकचा डबा. बक मॉड्यूल आधी फक्त अडॅप्टरला जोडून, मल्टिमीटर लावून, त्याचा पितळी स्क्रू फिरवत ५.० व्होल्टवर आणायचा आणि मगच बोर्डाला लावायचा. नवा मॉड्यूल किती व्होल्टवर सेट असेल याचा नेम नसतो, सरळ जोडला तर बोर्ड पहिल्याच क्षणी जातो. स्क्रू बऱ्याचदा खूप आटे फिरवल्याशिवाय आकडा हलत नाही, तो बिघडलेला नसतो.

रिलेचा संकेत नोडएमसीयूच्या डी-१ पिनेवर घ्यावा. डी-३, डी-४ आणि डी-८ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच्या कामात असतात, तिथे रिले लावला तर एकतर बोर्ड उठत नाही किंवा लाईट आल्याबरोबर रिले टकटक करतो. बाजारातले बहुतेक रिले मॉड्यूल उलट्या संकेतावर चालतात, म्हणून टास्मोटाच्या यादीत साधा ‘रिले’ न निवडता ‘रिले_आय’ निवडायचा. सेन्सर डी-५ वर. यादीत डीएचटी-२२ नावाने तो शोधू नये, ‘एएम-२३०१’ निवडावा. फ्लोट स्विचमधून पंपाचा प्रवाह नेऊ नका. त्याच्या आतली रीड पट्टी साधारण अर्ध्या अँपिअरची असते, दीड अँपिअरला ती चिकटून बसते आणि टाकी कोरडी झाली तरी पंप फिरत राहतो. फ्लोट रिलेच्या ‘इन’ तारेत मालिकेत घाला. पाणी उतरले की संकेतच तुटतो, मग प्रोग्राम अडकलेला असला तरी पंप थांबतो. पाण्याची पातळी ओळखायला कंगव्यासारख्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर काही जण सुचवतात. त्यातून सतत एकदिश प्रवाह जात असल्याने तांबे काही आठवड्यांत खाऊन जाते, तो घेऊ नये.

टास्मोटा भरणे सोपे आहे. बोर्ड यूएसबीने संगणकाला जोडायचा, टास्मोटाचे वेब इन्स्टॉलर क्रोम किंवा एजमध्ये उघडायचे, पोर्ट निवडायचा. अडते ते तीन ठिकाणी. केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात, पोर्ट दिसतच नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. विंडोजवर सीएच-३४० चा ड्रायव्हर टाकावा लागतो. उबुंटू २२.०४ वर ‘ब्रेलटीटीवाय’ नावाची ब्रेल यंत्रांसाठीची सेवा ही चिप आपलेच यंत्र समजून पोर्ट बळकावते. घरात ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ती काढून टाकावी आणि वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालावे. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचेच लागते. डबा कूलरच्या पत्र्याआत ठेवला तर सिग्नल मरतो आणि ओलावाही खातो. तो खोलीतच, अडॅप्टरजवळ ठेवावा. कंपनीचा तयार स्मार्ट प्लग उघडून त्यात टास्मोटा टाकण्याचा मोह होतो. नव्या स्वस्त प्लगमध्ये बरेचदा ईएसपीऐवजी, म्हणजे नोडएमसीयूतल्या चिपऐवजी, बीकेनची चिप निघते, तिच्यावर टास्मोटा चालत नाही. ईएसपीहोम किंवा ओपनबीकेन ही दुसरी सॉफ्टवेअर चालतात. पण कोणताही प्लग भिंतीत खोचलेला असताना त्याला संगणकाची तार लावायची नाही. आतली ‘ग्राउंड’ थेट फेजवर असू शकते.

आता अक्कल कोणती द्यायची ते. पंखा हातानेच चालवावा आणि फक्त पंपाला सेन्सर द्यावा, असे सुचवतो. कूलरची पिन आणि अडॅप्टर एकाच बटणाखाली ठेवले की बटण बंद म्हणजे सगळेच बंद, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइल हातात घ्यावा लागत नाही. टास्मोटात ‘पॉवरऑनस्टेट’ ० करावे, म्हणजे लाईट जाऊन आल्यावर पंप स्वतःहून उठत नाही, सेन्सरच्या वाचनाची वाट बघतो. ‘टेलिपिरियड’ ६०, म्हणजे दर मिनिटाला वाचन. नियम एकच: आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर पंप चालू. बंद करण्याचा नियम लिहायचाच नाही, ते काम ‘पल्सटाइम’कडे द्यायचे. त्यात ७०० भरावे. ११२ पासून पुढच्या आकड्यांतून १०० वजा केले की सेकंद मिळतात, म्हणजे ७०० चे ६०० सेकंद, दहा मिनिटे. दर मिनिटाला ‘चालू’चा आदेश आला की ही दहा मिनिटे नव्याने मोजली जातात. आर्द्रता चढली तर आदेश थांबतो आणि दहा मिनिटांनी पंप थांबतो. सेन्सरचे वाचन येणेच थांबले तरीही तेच होते. याला इंटरनेट लागत नाही, राउटर बंद असला तरी नियम बोर्डातच चालतो. एक सेटिंग नागपूरच्या लाईटसाठी वेगळी करावी लागते. काही सेकंदांच्या अंतराने सहा-सात वेळा वीज आली-गेली तर टास्मोटा ते ‘मला रीसेट करा’ असे समजून भरलेल्या सेटिंग्ज पुसते. ‘सेटऑप्शन ६५’ ला १ केले की ते थांबते.

सेन्सर डीएचटी-११ का नको? तो २० टक्क्यांच्या खालची आर्द्रता मोजतच नाही, आणि इथे मे महिन्याच्या दुपारी हवा तितकी कोरडी सहज होते. शिवाय त्याची चूक पाच टक्क्यांपर्यंत जाते. चांगला सेन्सर चुकीच्या जागी लावला तरी तोच प्रकार. कूलरच्या झोतात ठेवला तर तो ८०-८५ टक्के दाखवतो, पंप थांबतो, ताट्या सुकतात, पुन्हा चालू, पुन्हा बंद. उन्हाच्या भिंतीवर लावला तर तापमान भलतेच. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती. हवामान खात्याने नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. घरचा सेन्सर बसण्याच्या उंचीवर, झोतापासून बाजूला, आतल्या भिंतीवर ठेवावा.

पुरवणीतल्या कृतीत ‘पाच मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद ठेवून निम्मे पाणी वाचवा’ असे म्हटले होते. हे पटण्यासारखे नाही. कूलरमध्ये पाणी वाया जात नाही, तेच गारवा असते. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून साधारण ०.६७ युनिट उष्णता ओढून घेते. बाहेर ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे वेट बल्ब, २५ अंशांच्या जवळ असते. ताट्या बऱ्या स्थितीत असतील तर झोत ३० अंशांच्या आसपास मिळतो. तासाला तीन हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर त्यासाठी १५ ते २० लिटर पाणी पितो. पाणी निम्मे वाचले याचा अर्थ गारवा निम्मा झाला. खरी बचत होते ती रात्री आणि मृग बरसल्यावर. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला वेट बल्ब २८ वर असतो, पंप चालवून जेमतेम तीन अंश मिळतात आणि खोली चिकट होते ती वेगळीच. तेव्हा पंप बंद आणि पंखा चालू, एवढे सेन्सरने केले तरी भरपूर. भर दुपारीही आर्द्रता ६५ च्या वर चढत असेल तर दोष पंपाचा नाही, समोरची खिडकी बंद आहे.

चालू-बंदच्या त्या चक्राचा दुसरा तोटा क्षारांचा. ताटी पूर्ण वाळली की पाण्यातले क्षार तिथेच बसतात. हनीकॉम्बवर (कागदी जाळीच्या ताटीवर) तर पांढरा थर धरून कागद ठिसूळ होतो. वाहते पाणी क्षार धुऊन टाकीत नेते. हिशेब करून पाहा: दिवसाला १५० लिटर पाणी उडाले आणि त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असले, तर रोज ४५ ग्रॅम मागे राहतात. बोअरच्या पाण्यात ८०० असतील तर १२० ग्रॅम. पंपाचा रोटर अडकतो तो यानेच. दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करावी, ते पाणी अंगण धुवायला न्यावे. पंपाला नायलॉनची बारीक जाळी गुंडाळावी. वरच्या नळीची भोके टाचणीने मोकळी करावी. एक भोक बुजले की ताटीवर उभा कोरडा पट्टा पडतो, त्यातून बाहेरची झळ सरळ आत येते आणि कोणताही प्रोग्राम ती भरून काढू शकत नाही. आठवड्यातून एकदा टाकीच्या कडा घासून काढाव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात, नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. हे काम पिन काढूनच.

मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह का, याबद्दल थोडे. कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे उपकरण सर्व्हर बंद होईपर्यंतच आपले असते. स्मार्ट घराची उपकरणे विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद झाले. गूगलने पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचा आधार २५ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. टास्मोटा जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, घरच्या बोर्डातले सॉफ्टवेअर कोणाच्या निर्णयाने बंद पडत नाही. क्वालकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये आर्डुइनो (असेच छोटे खुले बोर्ड बनवणारी कंपनी) विकत घेत असल्याचे जाहीर केल्यावर बरीच चिंता व्यक्त झाली, पण आधीच खुल्या परवान्याने दिलेले आराखडे आणि कोड कोणी परत घेऊ शकत नाही. मात्र बाहेरून कूलर चालवता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडू नये. ऑफिसातून घरचा पंप सुरू करण्याची गरज मुळात नाही. टाकीत त्या वेळी कोणाचा हात आहे हे ऑफिसातून दिसत नाही.

आपल्याकडे एक विनंती. त्या कृतीची ऑनलाइन प्रत अजून वाचली जाते. तिच्याखाली टीप जोडावी: हे काम ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेल्या लाइनवरच करावे, पंप शक्यतो १२ व्होल्टचा घ्यावा, टाकीत हात घालण्याआधी पिन काढावी. यापुढे विजेच्या कृती छापण्याआधी त्या आयटीआयच्या वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या निदेशकांना दाखवून घेता आल्या तर उत्तम. आणि शक्य झाल्यास हे नवतपा (मे अखेरचे तापते नऊ दिवस) लागण्याआधी व्हावे, कारण त्यानंतर कूलर उघडायला कोणी तयार होत नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर